निबेवरचं नाव आणि कागदावरची रेघ

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे: शाईच्या पेनाची निब. दुकानातून ‘फाइन’ म्हणून आणलेली निब घरी वहीवर टेकवली की रेघ उमटते ती ‘मीडियम’सारखी जाड. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल. आपण लगेच दुकानदाराला दोष देऊन मोकळे होतो. पण या तक्रारीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात बोरूपासून करू. बोरूवर कुठलं माप छापलेलं नसे. चाकूनं टोक तासायचं, तिरका छेद द्यायचा, मध्ये चीर पाडायची. रेघ जाड वाटली तर पुन्हा तासायचं. थोडक्यात, रेघेची जाडी लिहिणाऱ्याच्या हातात होती. १९व्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पोलादी निबांचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडेही टाक आणि दौत आली. आता निब तासायची नाही, निवडायची. जाडी हातातून सुटली आणि नावात गेली.

पुढचा टप्पा धातूंचा. शाईनं पोलाद गंजतं. सोनं गंजत नाही, पण ते मऊ, कागदावर घासून झिजतं. १८०३ साली स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञानं, प्लॅटिनम विरघळवल्यावर तळाशी उरणाऱ्या काळ्या गाळातून इरिडियम आणि ऑस्मियम हे दोन धातू शोधून काढले. १८३४मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी सोन्याच्या निबेच्या टोकाला इरिडियम बसवलं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. असा कण टोकाला जोडला, त्यात चीर पाडली, तरी निब तयार होत नाही. तो कण घासून त्याला आकार द्यावा लागतो. कणाचा किती भाग कागदाला टेकणार हे त्या घासण्यात ठरतं. म्हणून एकाच खोक्यातल्या दोन ‘फाइन’ निबा जुळ्या बहिणी असतीलच असं नाही.

१८८४ साली लुईस वॉटरमन यांना अमेरिकेत फाउंटन पेनाचं पेटंट मिळालं. निबेखालच्या जिभेला बारीक खाचा, त्यांतून केशाकर्षणानं शाई टोकापर्यंत येते. लिहिणं सुखाचं झालं खरं, पण रेघ आता एकट्या टोकाची राहिली नाही. चीर केसभर रुंद असली, शाई पातळ असली, कागद शोषणारा असला, की रेघ फुगते. हात जड असेल तर निबेचे दोन भाग फाकतात, आणखी फुगते.

मग जपान आला. ‘सेलर’ १९११ची, ‘पायलट’ १९१८ची. कांजी लिपीत एका इवल्याशा चौकोनात दहा-पंधरा फटकारे बसवायचे असतात. तिथे बारीक रेघ ही चैन नाही, गरज आहे. म्हणून जपानी ‘फाइन’ ही साधारणपणे युरोपीय ‘एक्स्ट्रा फाइन’च्या जवळ जाते. जपानी पेनाची सवय झालेल्या माणसाला जर्मन ‘फाइन’ जाड वाटणारच. यात कोणीही खोटं बोलत नाही. ‘फाइन’ हा शब्दच ‘जवळ’ आणि ‘लांब’सारखा सापेक्ष. त्याचा अर्थ एवढाच, की आमच्याच ‘मीडियम’पेक्षा बारीक. अमेरिकेतल्या एस्टरब्रुक कंपनीनं बदलता येणाऱ्या निबांना १५५०, २६६८ असे आकडे दिले. पण तेही मिलिमीटर नव्हेत, नावंच.

आता आमची एक कबुली. आम्ही पुष्कळ वर्षं तर्कशास्त्राचे पेपर तपासले. एका उत्तरपत्रिकेत धुरावरून अग्नीचं अनुमान विचारलं होतं. त्या विद्यार्थ्यानं पानभर ‘घूर’ लिहिलेलं दिसलं. ज्याला ‘धूर’ लिहिता येत नाही, त्यानं अनुमान काय समजून घेतलं असणार, असं म्हणून आम्ही गुण कापले. निवृत्तीनंतर आम्हीच हौसेनं एक ‘फाइन’ पेन आणलं आणि पहिल्याच पानावर आमच्या ‘ध’ची गाठ बुजली, वरची फट भरली, त्याचा सरळ ‘घ’ झाला. तेव्हा तो विद्यार्थी आठवला. त्याच्या पेनातही हाच दोष असेल का, आता कळायला मार्ग नाही. पण धुरावरून अग्नी ओळखायला शिकवणारे आम्ही, जाड रेघेवरून हलगर्जीपणा ओळखून बसलो होतो. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. त्या पोराचे गुण मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा पेन घ्यायला जाल तेव्हा आपली वही आणि आपली शाई बरोबर न्या. निबेवरचं नाव वाचू नका असं आम्ही म्हणत नाही. वाचा, पण ‘ध’ आणि ‘घ’ शेजारी शेजारी लिहून बघा. आणि कुणाचं अक्षर तपासायची वेळ आली, तर लाल पेन उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, तुला काय लिहायचं होतं?

आता प्रश्न असतील तर घेऊ.