कोटरी आणि चिहलगानी

इंग्रजींतील ‘कोटरी’ हा शब्द मूळचा फ्रेंच. जमीनदाराची शेतें समाइकींत कसणाऱ्या कुळांच्या मंडळास फ्रान्समध्यें पूर्वीं हें नांव होतें. पुढें हा शब्द झोपडींतून दिवाणखान्यांत शिरला आणि परक्यास जेथें प्रवेश नाहीं अशा निवडक मंडळींच्या कंपूस लागूं लागला. उर्दूभाषिकांस त्याचा अर्थ सांगावयाचा तर ‘हल्का’ हा शब्द प्रथम सुचतो. हल्का म्हणजे कडें, वर्तुळ. परंतु हल्का मित्रांचाहि असतो, कवींचाहि असतो. त्यांत दार बंद असल्याचा भाव असतोच असें नाहीं. तो भाव दिल्लीच्या इतिहासांतील ‘चिहलगानी’ या शब्दांत मात्र पुरेपूर उतरला आहे.

फारसींत चिहल म्हणजे चाळीस. सुलतान अल्तमश (१२११–१२३६) याच्या तुर्की गुलामांतून वर चढलेल्या सरदारांचा हा गट. त्यांची संख्या नेमकी चाळीसच होती, असें मात्र समजूं नये. इतिहासकार बरनी सांगतो कीं, यांपैकीं एकहि दुसऱ्यास आपणांहून थोर मानीत नसे. तथापि बाहेरचा मनुष्य आंत येऊं लागला कीं, सर्वांची एकजूट होई. रझियेनें याकूत या हबशास अश्वशाळेचा अधिपति नेमलें; तुर्की सरदार बिथरले आणि १२४० सालीं तिचें राज्य व प्राण दोन्हीं गेले. नंतरच्या सहा वर्षांत त्यांनीं दोन सुलतान गादीवर बसविले आणि उतरविले. १२५३ सालीं इमादुद्दीन रैहान या हिंदी मुसलमानाच्या हातीं सत्ता गेली. पुढच्याच वर्षीं तुर्कांनीं एक होऊन त्यास हांकलून दिलें आणि बल्बनास परत आणिलें.

हा बल्बन त्यांच्यांतलाच. १२६६ सालीं तो स्वतः सुलतान झाला, तेव्हां ज्या शिडीनें आपण चढलों तिचें सामर्थ्य त्याला पक्कें ठाऊक होतें. त्यानें ती मोडली. कित्येक जुन्या सरदारांचा नाश केला. परंतु बाहेरच्यांना दार उघडें करण्याची त्याची इच्छा नव्हती. हीन कुळांतील माणसास अधिकार देण्याचा त्याला तिटकाराच होता. परिणामीं जुने आधार खचले, नवे उभे राहिले नाहींत. १२८७ सालीं तो वारला आणि १२९० सालीं गादी खिलजींकडे गेली.

परक्यास बाहेर ठेवणारी भिंत आंतल्यांचें रक्षण करतेच, असें नाहीं. ‘कोटरी’ या शब्दाच्या अर्थाबरोबर एवढेंहि ध्यानीं ठेवणें इष्ट.