गुलमोहर : पेशवाईने न पाहिलेले झाड

पेशवाईवरील एखाद्या मालिकेत वाड्यासमोर गुलमोहर फुललेला दिसला, तर तो कालविपर्यास समजावा. पेशवाई १८१८ मध्ये संपली. या झाडाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले ते १८२९ मध्ये, लंडनच्या ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये. पेशवेकाळातला लाल वसंत रंगवायचाच असेल, तर पळस, पांगारा, काटेसावर यांच्याकडे वळावे. भाषेचा पुरावाही तेच सांगतो. ‘पळसाला पाने तीनच’ घरोघरी ठाऊक असते. म्हणींत गुलमोहर सहसा भेटत नाही.

गुलमोहराचे मूळ घर मादागास्कर. बोहेमियात जन्मलेले आणि मॉरिशसमध्ये रमलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बोयर यांना तो तेथे आढळला. (‘शोध लावला’ असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, बेटावरील रहिवाशांना तो आधीच परिचित होता.) पुढे वसाहतींच्या जहाजांतून त्याचे बी उष्ण प्रदेशांत पसरले आणि एकोणिसाव्या शतकात भारतात रुजले.

त्यापूर्वी रस्त्याकडेला झाड लावण्याचा हेतू वेगळा होता. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटेवर वड लावल्याचा आणि आमराया उभारल्याचा उल्लेख आहे. गुलमोहराची निवड झाली ती मुख्यतः शोभेसाठी आणि झपाट्याने वाढतो म्हणून. ऊन तापू लागते त्याच सुमारास तो पाने गाळतो. वाटसरूच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचाच.

तरीही तो परका वाटला नाही, यात नावाचा वाटा मोठा असावा. ‘गुल’ म्हणजे फारसीत फूल, आणि ‘मोहर’ म्हटले की मराठी मनाला आंबाच आठवतो. बंगालीत तर तो थेट ‘कृष्णचूडा’ झाला. साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो.

त्याची ओळख पटवायची तर एक फूल हाती घेऊन नीट पाहावे. पाच पाकळ्यांपैकी चार लाल असतात; पाचवी फिकट, पांढरट-पिवळी, तांबड्या रेघांची. पानगळीनंतर फांद्यांवर हातभर लांबीच्या, चपट्या, काळपट शेंगा लोंबत राहतात. मुलांच्या लुटुपुटीच्या लढाईतल्या तलवारी त्याच. मुळे मात्र उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. पदपथाचे काँक्रीट बुंध्याला भिडले की वळवाच्या वादळात आडव्या होणाऱ्या झाडांत गुलमोहर हमखास सापडतो.