भट्टी बंद झाल्यानंतरचे शीतलन

भट्टीतील ज्वलन किंवा अणुविखंडन थांबल्यावरही तिच्यात उरलेली उष्णता पंख्याने, पंपाने अथवा नैसर्गिक अभिसरणाने बाहेर काढत राहण्याच्या क्रियेस भट्टी बंद झाल्यानंतरचे शीतलन म्हणतात. थंड देशांतील घरगुती भट्टी, कारखान्यातील तेल तापवणारी भट्टी आणि अणुभट्टी या तिन्हींना ते आवश्यक असते. यंत्र बंद केले तरी पंखा किंवा पंप का थांबत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

घरगुती भट्टी

पालघरच्या दमट किनारी हवेत घर ऊबदार ठेवण्यासाठी यंत्र लागत नाही. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांत मात्र ते सर्रास असते. गॅसच्या ज्योती धातूच्या बंद कप्प्याला तापवतात आणि पंख्याने ढकललेली हवा त्या कप्प्यावरून जात गरम होऊन खोल्यांत पोहोचते. ज्योत विझल्यावरही धातू तापलेला असतो, म्हणून पंखा साधारण एक ते तीन मिनिटे फिरत राहतो. हा बिघाड नव्हे.

पंखा त्यापुढेही थांबत नसेल तर आधी थर्मोस्टॅट पाहावा. पंख्याची कळ ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर राहिली असल्यास तो अखंड फिरतो. त्यानंतर हवेची गाळणी तपासावी. ती धुळीने तुंबली की हवा कमी पडते, धातूचा कप्पा प्रमाणाबाहेर तापतो आणि सुरक्षा स्विच ज्योत तोडून पंखा मात्र चालू ठेवतो. अशा वेळी पंखा हा दोष नसून दोषाची सूचना असतो. भट्टी पूर्ण थंड आहे, थर्मोस्टॅटही बंद आहे आणि तरीही पंखा फिरतो आहे, असे असेल तर रिलेचे संपर्क चिकटलेले, तारा एकमेकींना टेकलेल्या किंवा सुरक्षा स्विच नादुरुस्त असण्याची शक्यता असते. ही दुरुस्ती तंत्रज्ञानेच करावी. आवाज नको म्हणून सुरक्षा स्विच निकामी करणे घातक आहे. अतितापाने कप्प्याला तडा गेल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो, आणि त्या वायूला रंगही नसतो व वासही नसतो.

कारखान्यातील तेलभट्टी

बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक व कापड उद्योग मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा उद्योगांत प्रक्रियेसाठी लागणारी उष्णता पुष्कळदा नळ्यांतून फिरणाऱ्या गरम तेलाने पुरवली जाते. भट्टीचा जाळ बंद केल्यावरही तेलाचा पंप तेल पुरेसे निवेपर्यंत चालू ठेवावा लागतो. तो लगेच थांबवला तर नळ्यांत अडकलेले तेल जळते आणि त्याचा कोळसा आतून चिकटतो.

अणुभट्टी

वरील दोन्ही उदाहरणांत उरलेली उष्णता साठलेली असते. अणुभट्टीत ती नव्याने निर्माण होत राहते, हा मूलभूत भेद होय. नियंत्रक दांडे आत सरकवताच विखंडन थांबते, परंतु विखंडनातून जन्मलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा क्षय कोणत्याही कळीने थांबवता येत नाही. बंद होण्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के, तासाभराने सुमारे दीड टक्का आणि एका दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का असते.

तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकी बनावटीचे, उकळत्या पाण्याचे असून १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तिसरा व चौथा संच भारतीय रचनेचे, जड पाण्याचे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आहेत. चौथा २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये सुरू झाला. यांतील एका संचात सुमारे १,७०० मेगावॉट उष्णता निर्माण होते. तिचा अर्धा टक्का म्हणजे साडेआठ मेगावॉट, अर्थात एकाच वेळी चालणाऱ्या दोन किलोवॉटच्या चार हजारांहून अधिक गिझरांची उष्णता. संच बंद होऊन दिवस उलटल्यावरचा हा आकडा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पंपांना वीज लागते, आणि ती नसेल तर काय, हा खरा प्रश्न. पहिल्या दोन संचांत यासाठी आपत्कालीन संघनक आहे. अणुभट्टीतील वाफ वरच्या पातळीवरील पाण्याच्या टाकीतील नळ्यांत जाऊन निवते आणि तिचे पाणी गुरुत्वाकर्षणाने परत खाली येते. त्यासाठी पंप लागत नाही.

उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनच्या इमारतीला आग लागून सुमारे १७ तास वीजपुरवठा ठप्प झाला होता. तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडून अणुभट्टी थंड राखण्यात आली. जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. पुढे त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनित्रे बुडाली, शीतलन थांबले आणि तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. पहिल्या अणुभट्टीतही तारापूरसारखाच संघनक होता. मात्र वीज जाताना त्याच्या झडपा बंद राहिल्याने तो उपयोगी पडला नाही.

अणुभट्टीतून काढलेल्या वापरलेल्या इंधनातही क्षयाची उष्णता असते. त्यामुळे ते काही वर्षे पाण्याच्या तलावात ठेवावे लागते, आणि त्या तलावातील पाण्याचेही शीतलन सतत चालू ठेवावे लागते.