दिवसाचे काठ

साथीचा इतिहास सांगताना आपण आधी मृतांचा आकडा विचारतो. ते स्वाभाविकच आहे. पण जे जगले त्यांचे दिवस कसे गेले? ती माणसे कधी उठत, काय खात, कुणाशी बोलत? विशेषतः शिकण्याच्या वयातली मुले काय करीत, हे फारसे कुणी लिहून ठेवत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. तो आवरण्यासाठी ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. घरझडत्यांनी लोक किती गांजले, हे आपण शाळेत शिकलो. पण लोकांनी स्वतःचाही एक उपाय शोधला होता. घरात उंदीर पडू लागले, की अख्खे गाव उठून शिवारात झोपड्या घालून राही. सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी दवाखाना काढला तोही पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या माळावर. तिथे रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. शिवारात मरण टळेलच असे नव्हते. मात्र तिथल्या पोरांचा दिवस उन्हाने सुरू होई आणि अंधाराने संपे. पाणी भरणे, सरपण आणणे ही कामे असत, आणि आजूबाजूला माणसेही असत.

पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. मराठी मुलखाने त्याला मानमोडी म्हटले. देशात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे दगावली असे अंदाज आहेत. आपला मध्य प्रांत व वऱ्हाड सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी होता. त्यात वीस ते चाळीस वयाची माणसे मोठ्या संख्येने गेली. तेव्हा नागपूर विद्यापीठ व्हायचे होते; ते १९२३ चे. मॉरिस आणि हिस्लॉप ही महाविद्यालये मात्र होती. तिथल्या मुलांनी ते महिने कसे काढले, हे आज कुणाला विचारणार?

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. कायदा जुना असला, तरी उपाय उलटा होता. प्लेगात माणसे घर सोडून उघड्यावर गेली होती. कोरोनात सर्वांना घरात बसायचे होते. वसतिगृहे रिकामी झाली, मुले गावी परतली. एप्रिलमध्ये मोमिनपुरा, सतरंजीपुरा या वस्त्या बंद करण्यात आल्या. तास मोबाइलवर, मैत्री मोबाइलवर. नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही ऑक्टोबर २०२० मध्ये मोबाइलवरच झाल्या.

त्या दिवसांत न्यूटनची गोष्ट फार फिरत होती. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले, तरुण न्यूटन गावी गेला आणि तिथे त्याने मोठा विचार केला. तुम्हीही वेळेचे सोने करा, असा उपदेश मुलांना होई. पण न्यूटनच्या घरी शेतीवाडी होती, एकांत होता. आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसे आणि तीन भावंडांत एक फोन.

उपदेश करणाऱ्यांत मीही होतो. माझा भाचा तेव्हा बी.एस्सी.ला होता. पहाटे झोपायचा, दुपारी उठायचा, एकच जेवण करायचा. मी त्याला आळशी म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "मामू, उठून जायचं कुठं?" मला उत्तर देता आले नाही. परीक्षा होणार की नाही, वडिलांचे काम टिकणार की नाही, या काळजीने त्याची झोप उडाली होती, हे मला उशिरा कळले.

मग २५ एप्रिलला पहिला रोजा आला. मशिदी बंद, तरावीह घरातच. पण सहेरीला सगळे एकत्र उठू लागलो, इफ्तारला एकत्र बसू लागलो. ताटे मांडायचे काम भाच्याकडे आले. त्याच्या दिवसाला पुन्हा काठ मिळाले. कुणाच्या घरी हेच काम सायंकाळच्या आरतीने केले असेल, कुणाच्या घरी अंगणातल्या झाडांना पाणी घालण्याने.

जुन्या साथींतून मी एवढेच शिकलो. दिनचर्या एकट्याच्या निश्चयावर उभी राहत नाही. तिला बाहेरून आधार लागतो: कॉलेजची घंटा, चहाची टपरी, वाट पाहणारा मित्र. ते सारे एकदम काढून घेतले, तर तरुण माणूस कोलमडतो. त्याला आळस म्हणणे अन्याय आहे.

आपल्या महाविद्यालयांचे दरवाजे खऱ्या अर्थाने उघडले ते २० ऑक्टोबर २०२१ ला. त्या दीड वर्षात शिकलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली आहेत. त्यांना जवळ बसवून विचारा, तेव्हा तुम्ही कधी उठत होता, काय खात होता, रात्री कशाची भीती वाटे? आणि ते लिहून ठेवा. मॉरिस, हिस्लॉपच्या मुलांना विचारायचे राहून गेले. यांना विचारायला अजून वेळ आहे.