नेमबाज सुझन नॅट्रस : सात जगज्जेतेपदं आणि एक रिकामं साल

आपल्या दहावीचं साल १९९६. स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "आठवणी सगळेच लिहितायत, तू काहीतरी माहितीचं लिही." मी पडले सॉफ्टवेअरमधली बाई. इतिहासात मला किती गुण पडायचे हे वर्गातल्या कुणालाही विचारा! तरीही हा लेख इतिहासाचाच आहे, आणि तो आपल्याच सालाभोवती फिरतो.

आठवतंय का? निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ संपली आणि अटलांटा ऑलिंपिक सुरू झालं. लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकलं तेव्हा आपण किती नाचलो होतो! त्याच ऑलिंपिकमध्ये एक जागा रिकामी होती. ती मला कळायला पुढे वीसेक वर्षं जावी लागली.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने कॅनडात, कॅलगरीला होते. आपण कोल्हापूरकर, त्यामुळे संधी मिळताच मी तिथल्या सहकाऱ्यांना ऐकवलं : आमच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. एक वयस्क सहकारी हसून म्हणाले, "आणि आमच्या मेडिसिन हॅटची सुझन नॅट्रस? तिचं नाव ऐकलंय का?" मी ऐकलं नव्हतं. त्या रात्रीपासून वाचायला लागले, ते अजून थांबलेले नाही.

आधी खेळ समजून घेऊ. सुझनचा प्रकार ट्रॅप. यात रायफल नसते, बारा बोअरची बंदूक असते आणि काडतुसात छर्रे असतात. नेमबाजापुढे पंधरा मीटरवर एक खंदक असतो. त्यात तबकड्या फेकणारी पंधरा यंत्रं, प्रत्येक जागेसमोर तीन, अशा पाच जागा. नेमबाजाने आवाज दिला की त्या तीनपैकी कुठल्या तरी एका यंत्रातून तबकडी सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. तबकडीचा व्यास अकरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षाही लहान, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. दोन गोळ्या झाडायची मुभा असते, पण विचार करायला वेळ नसतो. पंचवीस तबकड्यांची एक फेरी, आणि अशा अनेक फेऱ्या. इथे ताकदीपेक्षा नजर, लय आणि चुकलेली तबकडी लगेच विसरण्याची सवय जास्त लागते.

सुझनचा जन्म १९५० चा, आल्बर्टा प्रांतातल्या मेडिसिन हॅट गावातला. वडील फ्लॉइड नॅट्रस स्वतः ट्रॅप नेमबाज. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते कॅनडाकडून उतरले होते. गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत भारताकडून बिकानेरचे महाराजा डॉ. करणीसिंह होते. दोघांच्याही मुलींनी पुढे बंदूक हाती घेतली. करणीसिंहांच्या कन्या राज्यश्री कुमारी यांना १९६८ साली, अगदी कोवळ्या वयात, नेमबाजीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. सुझनच्या आई मारी यासुद्धा नेमबाज होत्या, आणि पुढे त्याच लेकीच्या प्रशिक्षक झाल्या.

जागतिक स्पर्धेत तेव्हा ट्रॅपमध्ये महिलांचा वेगळा गट होता. सुझनने तो १९७४ मध्ये जिंकला, १९७५ मध्ये पुन्हा जिंकला, आणि मग १९७७, १९७८, १९७९ आणि १९८१ मध्येही. आठ वर्षांत सहा जगज्जेतेपदं! १९८१ साली तिला लू मार्श ट्रॉफी मिळाली. कॅनडात ही तेव्हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला देत, म्हणजे बर्फावरच्या हॉकीने वेड्या झालेल्या देशात एका बंदूकवालीला तो मान मिळाला.

ऑलिंपिकची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे महिलांचा ट्रॅप नव्हता. स्पर्धा एकच, आणि ती सर्वांना खुली. आपल्या देशाच्या निवडीत पुरुषांना मागे टाकून जागा मिळवायची, मग जगभरच्या पुरुषांशी लढायचं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुझन ट्रॅपच्या मैदानात उतरली. ऑलिंपिकच्या इतिहासात ट्रॅप खेळणारी ती पहिली स्त्री. वय पंचवीस. पदक मिळालं नाही, पण "बायकांना हे जमणार नाही" हे वाक्य त्या दिवसापासून खोटं ठरलं.

१९८० साली कॅनडाने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. ऐन बहरातली चार वर्षं राजकारणात गेली. पण ती थांबली नाही. १९८८ ला सोलला गेली, १९९२ ला बार्सिलोनाला गेली, दोन्ही वेळा पुरुषांच्याच रांगेत उभी राहून.

बार्सिलोनात आणखी एक गोष्ट घडली. ट्रॅपचा जुळा प्रकार म्हणजे स्कीट. तोही तेव्हा सर्वांना खुला होता. त्यात चीनच्या झांग शान हिने प्राथमिक फेऱ्यांत २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि अखेर २२५ पैकी २२३ गुणांनी सुवर्ण जिंकलं. तिच्या मागे रौप्य आणि कांस्य घेऊन उभे राहिलेले दोघेही पुरुष होते.

आणि मग आलं आपलं साल, १९९६. खुल्या स्पर्धा बंद झाल्या होत्या. अटलांटात ट्रॅप आणि स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवले गेले. महिलांसाठी डबल ट्रॅप हा वेगळा प्रकार आणला होता, पण ट्रॅप आणि स्कीट महिलांना नव्हतेच. विजेती झांग शान आपलं पदक राखायलाही जाऊ शकली नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या दारातून सुझन आत गेली होती, तेच दार बंद.

इथे मला निष्पक्ष राहायला हवं. वेगळ्या गटात वाईट काही नाही. खुल्या स्पर्धेत जगभरातून मोजक्याच स्त्रिया पोचत होत्या. स्वतंत्र गट झाला की देशोदेशीच्या मुलींना जागा मिळते, सरावाला पैसे मिळतात, घरचे पाठवायला तयार होतात. चूक क्रमाची होती. आमच्या कामात एक साधा नियम आहे : नवीन यंत्रणा चालू झाल्याशिवाय जुनी बंद करायची नाही. नाहीतर मधल्या काळात लोकांचं काम अडतं आणि त्याची भरपाई कुणी देत नाही. नेमबाजीत नेमकं हेच झालं. जुनं दार आधी बंद केलं आणि नवीन दार चार वर्षांनी उघडलं. खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे काय, हे १९८० मध्ये एक ऑलिंपिक हुकलेल्या सुझनला चांगलं ठाऊक होतं.

महिलांचा ट्रॅप ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून तिने पाठपुरावा केला. स्वतःचा बहराचा काळ मागे पडलेला असताना! अखेर २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांचा ट्रॅप आणि महिलांचा स्कीट दोन्ही आले. ट्रॅपचं पहिलं सुवर्ण लिथुएनियाच्या डाइना गुड्झिनेविच्यूते हिने जिंकलं. पुढे तीच आपल्या देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली. सुझनही त्या स्पर्धेत होती, एकोणपन्नासाव्या वर्षी. मग २००४ ला अथेन्स, २००८ ला बीजिंग. बीजिंगला तिचं वय सत्तावन्न होतं. एकूण सहा ऑलिंपिक, पदक एकही नाही.

पण मधे २००६ साल आहे. झाग्रेबला जागतिक स्पर्धा झाली आणि पंचावन्न वर्षांच्या सुझनने सातवं जगज्जेतेपद जिंकलं, सहाव्यानंतर पंचवीस वर्षांनी. पुढच्या वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत कॅनडाचा झेंडा तिच्या हाती होता. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज कुणीतरी "आता आपलं वय झालं" असं लिहितं. त्या सगळ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा!

हे सगळं करताना ती पोटापाण्याचं कामही करत होती. आल्बर्टा विद्यापीठातून तिने डॉक्टरेट मिळवली आणि पुढे हाडांच्या ठिसूळपणावर संशोधन केलं. हा आजार जास्त करून उतारवयातल्या बायकांना गाठतो. आपल्यातल्या अनेकींच्या आया आज त्याच दुखण्याच्या गोळ्या घेतात.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीच्या जेसिका रोस्सीने शंभरपैकी नव्याण्णव तबकड्या फोडल्या. तेव्हा महिलांना प्राथमिक फेरीत पंचाहत्तर आणि पुरुषांना सव्वाशे तबकड्या असत. टोकियोच्या वेळी महिलांनाही सव्वाशे झाल्या, आणि स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक श्तेफेचेकोवा हिने सव्वाशेच्या सव्वाशे फोडून पुढे सुवर्ण घेतलं. आपल्याकडे शगुन चौधरी २०१२ साली ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला ट्रॅप नेमबाज झाली. २०२४ ला पॅरिसमध्ये राजेश्वरी कुमारी आणि श्रेयसी सिंह अशा दोघी होत्या. यातल्या कुणालाही पुरुषांच्या रांगेत जागा मागावी लागली नाही.

आता आपल्या शाळेकडे येते. आपल्या वेळी कॅडेट तुकडीत मुली नव्हत्या. वर्षातून एकदा मुलांना नेमबाजीच्या सरावाला नेत. संध्याकाळी ती परत आली की खिशातून पितळी पुंगळ्या काढून दाखवायची आणि आपण मुली त्या हातात घेऊन बघायचो. अजून गरम असतील असं वाटायचं, पण त्या थंडच असत. आपल्यातली एक जण शाळेमागच्या आंब्याची नेमकी ठरवलेली कैरी एका दगडात पाडायची. तुम्हाला ती आठवत असेल, नाव लिहीत नाही. नववीत तिने विचारलं होतं, "सर, आम्हाला का नाही नेत?" उत्तर मिळालं, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी दहावी होती, आणि त्यानंतर आपण शाळेत नव्हतो.

सरांचा मला राग नाही. नियम त्यांनी केला नव्हता, आणि मनाने ते चांगलेच होते. मीसुद्धा तेव्हा तिच्या शेजारी उभी होते आणि गप्प बसले होते. ते मात्र मला खुपतं. ती जगज्जेती झाली असती असं मी म्हणत नाही. बहुतेक झाली नसती. तिला एकदा नेम धरून बघायला मिळालं असतं, इतकंच म्हणते.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान द्यायची की पाण्याचा कूलर, यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. कूलर जरूर द्यावा. पण कमानीच्या पैशांतून दहा मीटरची एअर रायफल रेंज होऊ शकते का, हे आपण एकदा हिशेब करून बघूया. शाळेच्या मागची लांब खोली रिकामीच पडलेली असते. कोल्हापुरात शिकवणारी माणसं आहेत. हिशेब मांडायचं काम मी घेते. अट एकच : पहिल्या तुकडीत निम्म्या जागा मुलींच्या, आणि पहिल्या वर्षापासून. "पुढच्या वर्षी बघू" चालणार नाही.

कैरीवालीला मी विचारलं, उद्घाटनाची पहिली गोळी तू झाडशील का? ती म्हणाली, "चष्मा लागलाय गं, पण येते."