सातबारा, कॉडसाहेब आणि आमची आत्या

पुतणी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा पेपरच्या आदल्या रात्री म्हणाली, "काका, नॉर्मलायझेशनची व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही." मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला, मला त्यातलं काय कळणार? पण वीस वर्षं बातम्यांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात. कपाटातून आमच्या शेताचा सातबारा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमीन मोजायला घेतली. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड, आणि शेतसाऱ्याचा 'आकार'. हा आकार आजही सातबाऱ्यावर रुपये-पैशांत छापून येतो. पण सरकारला तेव्हा साऱ्याशी मतलब, जमिनीत कुणाकुणाचा हक्क याच्याशी नाही. हक्कांची नोंद ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात थेट १९०३ साली आला.

सातबारा हे मुळात एक रजिस्टर नाहीच. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे त्यात पीक काय. खातेदाराची सगळी जमीन एकत्र बघायची तर आठ-अ. आणि या सगळ्यांच्या मागे नमुना सहा, म्हणजे फेरफार. खरेदी झाली, माणूस वारला, वाटणी झाली, की आधी फेरफाराला नोंद धरायची, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलं की मग सातबाऱ्यावर 'अंमल' द्यायचा. पुतणी म्हणाली, "अरे, हे तर ट्रान्झॅक्शन!" असेल बुवा. आमच्याकडे त्याला फेरफार म्हणतात.

आता कॉडसाहेब. एडगर कॉड, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. त्या काळी संगणकातली माहिती झाडाच्या फांद्यांसारखी नाहीतर साखळीसारखी बांधलेली असे. हवी ती नोंद गाठायची तर वाट प्रोग्रॅमरला ठाऊक हवी. जुन्या चावडीत कुठलं गाठोडं कुठल्या फळीवर ते फक्त कोतवालाला माहीत असायचं, तसंच. कोतवाल रजेवर, की गाव अडलं. जून १९७० मध्ये कॉडने निबंध छापून मांडलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांशी मूल्यांनी जोडा, आणि आत ती कशी रचली आहे याची झळ वापरणाऱ्याला लागू देऊ नका. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहू नका, हे त्यातूनच पुढे निघालं. त्यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. आयबीएमचा स्वतःचा जुना धंदा जोरात होता, म्हणून तिने सावकाशीने घेतलं. १९७९ मध्ये बाजारात माल आणला तो पुढे ओरॅकल झालेल्या कंपनीने. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

चार ठिकाणी लिहिलं की काय होतं, ते आमच्या सातबाऱ्यावर दिसतं. १९८४ साली आजोबा वारले. वारसाच्या फेरफारात बाबा, चुलते आणि आत्या, तिघांचीही नावं. बाबा आणि चुलते कब्जेदार म्हणून चढले, आत्या 'इतर हक्क' या रकान्यात. लेकींना तिथे बसवायची तेव्हा सर्रास रीत होती. हस्तलिखित सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. त्या नकलेत कधीतरी इतर हक्कातली आत्या गळाली. पुढे सातबारा संगणकावर चढला, तो त्या शेवटच्या नकलेवरून. संगणकाने काही चुकवलं नाही, त्याने चूक इमानदारीने उतरवून घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. आमची चूकही डिजिटल सहीची झाली!

डेटा वेअरहाउसचा धडा काढून पुतणीने वाचून दाखवला. बिल इन्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात चार खुणा सांगितल्यात. माहिती विषयवार लावलेली, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकजीव केलेली, काळाचा हिशेब ठेवणारी आणि एकदा ठेवली की न खोडली जाणारी. यातल्या शेवटच्या दोन खुणा फेरफाराच्या वहीत पहिल्यापासून आहेत. जुनं नाव पूर्वी खोडत नसत, सातबाऱ्यावर त्याला कंस करत, आणि नावाशेजारी गोलात फेरफाराचा नंबर. तो गोल म्हणजे मागचा माग. पुनर्लेखनात कंसातली नावं गळायची, फेरफार मात्र जागेवर राहायचा.

आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय, सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळवून. इन्मनची 'एकजीव' ही खूण ती हीच. वेअरहाउसवाले माहिती आत ओतण्याआधी ती साफ करण्यात निम्मा जीव घालवतात. आपण आधी ओततोय. जे नाव आज पडद्यावर नाही, ते जुळवणीला येणारच कुठून?

आत्याचं नाव गळाल्याचं कळलं रस्त्याच्या रुंदीकरणामुळे. मोबदल्याच्या नोटिसा सातबाऱ्यावरच्या नावांनी निघाल्या, तिला आलीच नाही. मी १९८४ चा फेरफार शोधायला गेलो. वही फाटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण ते पान शाबूत होतं. त्याची नक्कल जोडून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज केला. अकरा महिने लागले.

इतकी वर्षं हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही. पुतणीने मात्र त्या रात्री लगेच विचारलं, "आत्याआजीला तेव्हाच वर का नाही लिहिलं?" मी म्हटलं, तू अभ्यास कर.

नवा सातबारा आत्याला नेऊन दिला. तिने चष्मा लावला, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि शेजारचे फेरफाराचे दोन नंबर कसले म्हणून विचारलं. एक १९८४ चा, एक आत्ताचा.