खेळणे, करणे आणि जाणे

इंग्रजी भाषेच्या क्रमिक पुस्तकांत क्रीडाविषयक क्रियापदांचा एक लहानसा नियम असतो. चेंडूच्या वा चढाओढीच्या खेळास 'प्ले', कसरतीस 'डू', आणि पोहणे, शिकार, मासेमारी यांस 'गो'. नियम दिसावयास सोपा. परंतु आमच्या अंबडकडील विद्यार्थी तेथे का अडखळतो, हे पाहू गेल्यास थोडे इतिहासात शिरावे लागते.

अंबड आज जालना जिल्ह्यात आहे. पण हा जिल्हा १९८१ सालचा. त्यापूर्वी तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात सरकारी शाळांच्या वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आसऱ्यास राहून घरी मराठी बोलणारा मुलगा इंग्रजीकडे जाई, तो उर्दूच्या वाटेने. आता उर्दूत शिकार 'खेलतात', आणि मराठीतही शिकार खेळण्याची जुनी चाल आहे. अशा मुलाने 'प्ले हंटिंग' असे लिहिले, तर दोन भाषांची साक्ष त्याच्या बाजूस होती!

मग इंग्रजांनी हे 'गो' आणले कोठून? त्यांच्या जुन्या भाषेत 'हंटिंग' हे शुद्ध नाम होते व त्याआधी 'ऑन' हे अव्यय येई. म्हणजे आपण मोहिमेवर जातो, तसे ते शिकारीवर जात. पुढे 'ऑन' झिजून नुसता 'अ' राहिला, 'गो अ-हंटिंग' असा प्रयोग रूढ झाला, आणि शेवटी तो 'अ'ही गळाला. विद्यार्थ्यास एवढे सांगितले, तर पाठांतराचे अर्धे ओझे उतरते, असा माझा अनुभव आहे.

मराठीची ऐट निराळीच. येथे दंड काढावयाचे, बैठका मारावयाच्या, मुद्गल फिरवावयाचे, पतंग उडवावयाचा. मुली झिम्मा खेळतात, पण फुगडी घालतात. फुगडीत नेमके काय 'घातले' जाते, हे कोणा वैयाकरणाने सांगावे! कुस्ती आपण खेळतो, करतो आणि धरतोही. इंग्रजीत तिला स्वतंत्र धातूच आहे. लेझमीत हार ना जीत, तरी ती खेळावयाचीच. कारण आपला 'खेळ' गारुड्यापासून नाटकापर्यंत पसरलेला आहे. 'प्ले' शब्दातही नाटक आहे, शिवाय वादन आहे. आपण मात्र सतार खेळत नाही.

परीक्षकाने 'प्ले हंटिंग'खाली लाल रेघ जरूर मारावी. ते त्याचे कामच आहे. 'अज्ञान' हा शेरा मात्र मला अन्यायाचा वाटतो. तीच पुस्तके आता 'डू योगा' असा प्रयोग शिकवितात. आपल्याकडे योग साधावयाचा असतो. पण त्याखाली लाल रेघ मारलेली मी अद्याप पाहिलेली नाही.